मारहाणीच्या घरातून बाहेर पडलेली आई आणि तिची किशोरवयीन मुलं: एकत्र सेशन कधी घ्यायचं?

तालुका_समुपदेशक

नमस्कार. प्रश्न एका घराबद्दल आहे, पण अशी घरं बरीच येतात म्हणून सविस्तर लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आई ३८ वर्षांची, मुलगी १६ (अकरावी), मुलगा १३ (आठवी). लग्नापासून मारहाण. चार महिन्यांपूर्वी आई मुलांना घेऊन माहेरच्या गावी आली. एका खोलीत भाड्याने राहतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज दाखल आहे आणि अंतरिम संरक्षण आदेश मिळाला आहे. वडील दर दुसऱ्या रविवारी मुलांना घेऊन जातात. हे कोर्टाने सांगितलेलं नाही, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं.

मुलगी अख्खं घर सांभाळते. स्वयंपाक, भावाचा अभ्यास, आईच्या रात्रीच्या गोळ्या काढून देणं, सगळं तिच्याकडे. कधी चिडत नाही, तक्रार नाही. मात्र रात्री दोनपर्यंत जागी असते आणि दाराची कडी पुन्हापुन्हा तपासते. मुलाची शाळेतून मारामारीची तक्रार आहे. घरी आईवर दोनदा हात उगारला, एकदा ढकललं. "तुझ्यामुळे पप्पा तुटले" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आईही संतापली की म्हणते, "शेवटी त्याच बापाचा ना!"

तिघांना एकत्र बसवून सुरुवात करावी असं वाटतंय. किती सेशन लागतील? मुलाच्या हात उगारण्याचं काय करायचं? मामा म्हणतात की वडिलांनाही बोलवा, एकदाच काय ते बोलून होऊ दे. आणि मुलं जे बोलतील ते कोर्टात जाईल का? मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, दीड तासावर.

निंबोणी

आधी थेट उत्तर. तिघांना एकत्र बसवू नका, निदान पहिले सहा ते आठ आठवडे तरी नाही. एकत्र बसवलं की काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. प्रश्न मुलीला विचारला की ती आधी आईकडे बघते. मुलगा आईवर घसरतो, आई रडायला लागते, मुलगी उठून पाणी आणते. घरात जे रोज चालतं तेच तुमच्या खोलीत तुमच्या साक्षीने चालतं, आणि मुलांना कळतं की इथेही कुणी काही थांबवत नाही.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. आईच्या गोळ्या मुलगी काढून देते, असं तुम्ही सहज लिहून गेलात. म्हणजे झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्यांचा साठा रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या हाताशी आहे. हे याच आठवड्यात बदला. एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या घरात ठेवायच्या, बाकीच्या मावशीकडे किंवा तुमच्या संस्थेत. घरच्यांची शेती असेल तर फवारणीची औषधं कुठे ठेवतात तेही विचारा. ती कुलपात किंवा घराबाहेर हवीत. तिघांनाही स्वतंत्रपणे, आडपडदा न ठेवता विचारा: "मरून जावं असं वाटतं का? कधी काही करायचं ठरवलं होतंस का? कसं?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर तो बाहेर येतो. "कसं" याचं उत्तर तयार असेल तर जिल्ह्याच्या डॉक्टरांची वाट बघू नका, त्याच दिवशी हलवा. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चालू असतो, तो नंबर तिघांकडेही हवा.

पहिली तीन-चार सेशन प्रत्येकाशी एकट्याने, ४५ मिनिटांची. गुप्ततेची मर्यादा पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाका: "तू सांगशील ते मी आईला सांगणार नाही. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्याशी लैंगिक चाळे केले असतील, तर मला पुढे सांगावंच लागेल." पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं सक्तीचं आहे (कलम १९), आणि मुलाने सगळं सांगून झाल्यावर ही अट काढली की तो पुन्हा तोंड उघडत नाही. मोजमाप हवं असेल तर क्राइज-८ ही आठ प्रश्नांची प्रश्नावली पुरते. गुण ० ते ४०, आणि १७ किंवा जास्त आले तर आघाताची नीट तपासणी हवी. ती निदान नव्हे, चाळणी आहे. आज भरून घ्या, मग आठ-दहा आठवड्यांनी पुन्हा.

किती सेशन? आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणूक यांवर काम करणारी थेरपी; कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर यांची पद्धत) ३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. साधारण १२ ते १६ सेशन, आणि वर्षानुवर्षांच्या हिंसेत २५ पर्यंत. प्रत्येक वेळी अर्धा वेळ मूल, अर्धा वेळ पालक. तुमच्या केसमध्ये निम्मी सेशन नुसती स्थिरावण्यात जातील आणि ती गेलीच पाहिजेत. झोप, राग, अंगाची थरथर यांच्यावर पकड येण्याआधी "त्या रात्री काय झालं" विचारणं हीच या कामात सर्वाधिक दिसणारी चूक आहे. मूल एक दिवस भडाभडा बोलतं, तुम्हाला वाटतं सेशन छान झालं, आणि पुढच्या वेळी ते येतच नाही.

मुलीच्या कडीचं बघा. तिला "उगाच तपासू नकोस" म्हणू नका. जुन्या घरात ती सवय बरोबरच होती. पहारा मात्र तिच्याकडून आईकडे गेला पाहिजे. रात्री दहाला आईने स्वतः उठून कडी लावायची, हाताने ओढून बघायची आणि मोठ्याने म्हणायचं, "कडी लावली, मी बघितली, आता झोपा." रोज तेच, त्याच शब्दांत. मुलगी त्यानंतरही उठेल. पहिल्या आठवड्यात दोनदा उठली तर चालेल, मग एकदा. आईने एखादी रात्र चुकवली की गाडी मूळपदावर येते, म्हणून आईच्या मोबाइलवर दहाचा गजर लावा.

घरकामही असंच एकेक करून परत घ्यायचं. गोळ्या आधी, मग भावाचा अभ्यास, स्वयंपाक सगळ्यात शेवटी. एकदम सगळं काढून घेतलं तर तिला वाटतं आपली गरज संपली. त्या घरात तिचा मान त्या कामांवरच उभा आहे.

आईसोबतचं काम सगळ्यात मोठं, आणि तेच नेहमी गुंडाळलं जातं. मुलगा ओरडला की ती गोठते किंवा फुटते, कारण त्याचा फुटू लागलेला आवाज आणि उभं राहण्याची ढब नवऱ्यासारखी होत चालली आहे. ती लाडावून ठेवते म्हणून असं होतं असं समजू नका. तिचं शरीर घाबरतं. हे तिला समजावून सांगा. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, हे तुमच्यासमोर दहा वेळा करून घ्या. आणि "त्याच बापाचा" हे वाक्य घरातून हद्दपार. ते ऐकणाऱ्या मुलाला एकच निष्कर्ष उरतो: मी तसाच होणार, मग आत्तापासूनच का नको?

मधल्या टप्प्यात मुलं आपापली हकिगत मांडतात. किशोरवयीन मुलांना लिहायला लावण्यापेक्षा जुन्या घराचा नकाशा काढायला लावलेलं जमतं. स्वयंपाकघर इथे, कॉट इथे, टीव्ही इथे. मग कोण कुठे उभं होतं, मी कुठे होतो, कुठे लपलो. एका सेशनला एकच प्रसंग, आणि शेवटची पंधरा मिनिटं आजच्या दिवसावर येण्यासाठी राखून. कोर्टाची तारीख असलेल्या आठवड्यात हे काम घेऊ नका.

ही हकिगत आईला मुलांसमोर ऐकवण्याआधी, मुलांच्या संमतीने, एकटीला ऐकवा. कारण त्यात ठरलेला प्रश्न येतोच: "तू आधीच का नाही निघालीस?" तयारी नसेल तर आई म्हणते, "तुमच्यासाठीच सहन केलं रे!" म्हणजे इतक्या वर्षांच्या माराची पावती मुलांच्या नावावर फाडली. तयारी करून घेतलेलं उत्तर साधारण असं असतं: "तेव्हा मला वाट दिसत नव्हती आणि भीती वाटत होती. तुला ते सगळं बघावं लागलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. मारायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं. ते तुझ्यामुळे झालं नाही." चार वाक्यं. पुढे गप्प बसायचं. गप्प बसण्याचाच सराव जास्त लागतो.

मग जोड्या: आई-मुलगी, आई-मुलगा, भाऊ-बहीण, आणि त्यानंतर तिघं. एका सेशनला एकच विषय. मुलाची खुर्ची दाराजवळ ठेवा, म्हणजे कोंडल्यासारखं वाटणार नाही, आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा आधीच देऊन ठेवा. किशोरवयीनांच्या नैराश्यासाठी फिलाडेल्फियात विकसित झालेल्या जिव्हाळ्यावर आधारित फॅमिली थेरपीत (एबीएफटी) एक प्रश्न मध्यवर्ती असतो, तो इथे चपखल बसतो: "खूप वाईट वाटतं तेव्हा तू आईकडे का जात नाहीस?" याचं उत्तर शांतपणे ऐकून घेता येण्याइतकी आई तयार झाली, की एकत्र बसायची वेळ झाली.

कलम_बारा

निंबोणींशी सहमत. कायद्याच्या बाजूचं तेवढं लिहितो.

वडिलांना एकत्र बोलावू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम १४ खाली समुपदेशनाला पाठवण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटना आहे, एकेकट्याने किंवा एकत्र. पण २००६ च्या नियमांतला नियम १४ वाचा. समुपदेशनात प्रतिवादीला (इथे वडिलांना) मारहाणीचं समर्थन करता येत नाही, आणि हे त्याला सुरू होण्याआधीच सांगायचं असतं. पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमीही त्याने द्यायची असते. मामांची "एकदाच काय ते बोलून होऊ दे" बैठक याच्या बरोबर उलटी चालते: "तिनेही उलट उत्तरं दिली, म्हणून हात उठला." शिवाय संरक्षण आदेशात संपर्काला मनाई असेल तर तुम्हीच घडवून आणलेली भेट तो आदेश कच्चा करते. पुढच्या तारखेला समोरचा वकील म्हणणार, आदेश असूनही बाई स्वतःहून भेटायला आल्या होत्या.

रविवारच्या भेटीचं बघा. वडीलधाऱ्यांनी ठरवलेल्या व्यवस्थेला कोर्टात आधार नाही. कलम २१ खाली मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागा, त्यातच भेटीची जागा, वेळ आणि सोडणारं-आणणारं माणूस लिहून घ्या. भेटीने मुलांचं नुकसान होत असेल तर मॅजिस्ट्रेट ती नाकारूही शकतात. कलम १८ च्या संरक्षण आदेशात मुलांच्या शाळेचा उल्लेख नसेल तर तोही करून मागा. आदेश मोडला तर कलम ३१ आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या हाती "आईला सांग केस मागे घे" असे निरोप येत असतील तर तारीखवार लिहून संरक्षण अधिकाऱ्यांना द्या.

खर्चाचं: कलम २० खाली वैद्यकीय खर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते, म्हणून डॉक्टरांच्या पावत्या आणि खाड्यांची नोंद ठेवायला सांगा. मानसिक छळाची भरपाई कलम २२ खाली. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही.

तुमच्या नोंदी. वकील-अशील गुप्ततेसारखं कवच समुपदेशकाला नाही, कोर्टाने मागवल्या तर द्याव्या लागू शकतात. म्हणून फाइलमध्ये मुलाचे शब्द अवतरणात, तारीख, कोण हजर होतं, एवढंच. "वडील हिंसक प्रवृत्तीचे वाटतात" असली वाक्यं नकोत. ताबा कुणाला द्यावा यावर मत देऊ नका. ते काम वेगळ्या माणसाचं. थेरपी करणाऱ्यानेच ते केलं की मुलं तुमच्याशी बोलताना कोर्टाशी बोलायला लागतात.

परखड

सगळं ठीक. पण मुलांना बापही लागतो. उद्या दहावी-बारावीला, लग्नाला तोच उभा राहणार. बापाला थेरपीतून कायमचं वगळलं की मुलगा आणखीनच त्याच्याकडे ओढला जातो. संस्थावाले हे लक्षात घेत नाहीत.

निंबोणी

कायमचं वगळा असं कुणी म्हटलेलं नाही. मुलाचं वडिलांवर प्रेम आहे आणि ते त्याला मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. समुपदेशकानेच वडिलांना खलनायक केलं की मुलाला त्यांचा वकील व्हावं लागतं. "पप्पांची काय काय आठवण येते?" हा प्रश्न दुसऱ्याच सेशनला विचारा. खुश्शाल क्रिकेटबद्दल, गाडीवरच्या फेरीबद्दल बोलू दे. पप्पा आवडतात आणि पप्पांनी आईला मारलं, ही दोन्ही वाक्यं एकाच कागदावर राहू शकतात, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नसतं.

वडील प्रत्यक्ष सेशनला येण्याच्या अटी मात्र कडक हव्यात. कोर्टाच्या आदेशाशी विसंगत नको. त्यांनी स्वतःच्या हिंसेवर वेगळ्या समुपदेशकाकडे काही महिने काम केलेलं असावं. दारू असेल तर तिचे उपचारही, पण दारू सुटली म्हणजे हात सुटला असं धरून चालू नका. मूल भेटायला तयार असावं, आणि "नाही" म्हणालं तर त्या नकाराची किंमत त्याला मोजावी लागू नये. या सेशनला आई नसते. पहिली पायरी पत्राची. वडील मुलांना पत्र लिहितात, ते आधी समुपदेशक वाचतो. त्यात काय केलं ते नाव घेऊन असावं ("आईला मारलं, तुमच्यासमोर मारलं") आणि "पण" हा शब्द आला की पत्र परत. "माझं चुकलं, पण तुझी आईसुद्धा..." बहुतेक पत्रं इथेच अडतात आणि तीन-चारदा परत जातात. ज्यांना "पण"शिवाय पान लिहिता येत नाही, त्यांची एकत्र सेशनची वेळ आलेली नाही.

रानजाई

मुलाच्या हात उगारण्यावर लिहिते, कारण याला दोन्ही टोकांची उत्तरं मिळतात. एकीकडे "लहान आहे, सहन केलंय बिचाऱ्याने", दुसरीकडे "मामाने एक कानफटात दिली की सरळ होईल." पहिल्याने आई पुन्हा मार खाते. दुसऱ्याने मुलगा शिकतो की अंगाने मोठा असेल त्याचं चालतं, आणि अंगाने मोठं होणं तीन वर्षांवर आलेलं असतं.

तेल अवीवचे मानसतज्ज्ञ हाइम ओमेर यांनी पालकांसाठी "अहिंसक प्रतिकार" अशी पद्धत बांधली, गांधींच्या विचारांचा उघड आधार घेऊन. तिचे चार भाग इथे उपयोगी आहेत.

पहिला, जाहीर करणं. आई अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहिते आणि शांत वेळी, सकाळी जेवताना वगैरे, वाचून दाखवते: "या घरात आता कुणीही कुणाला मारणार नाही, ढकलणार नाही, शिव्या देणार नाही. मीही नाही. परवा तू मला ढकललंस. मी ते लपवणार नाही, ज्यांच्यावर माझा विश्वास आहे त्यांना सांगणार आहे. तू मला हवा आहेस म्हणून हे करते आहे." त्याच्याकडून कबुली, वचन, काहीही मागायचं नाही. तो चिठ्ठी फाडेल. फाडू दे, दुसरी प्रत ठेवलेली असावी. "मीही नाही" हे शब्द गाळू नका. आईचाही हात उठत असेल तर तिथूनच सुरुवात आहे.

दुसरा, उशिरा उत्तर. तो पेटलेला असताना आई एकच वाक्य बोलते, "हे मला चालणार नाही, आपण उद्या बोलू", आणि खोलीबाहेर जाते. मुलगी तिच्यासोबत बाहेर. बहिणीने मध्ये पडायचं नाही, हे तिला वेगळं आणि स्पष्ट सांगावं लागतं. इतकी वर्षं ती मध्येच पडत आली आहे. दुसऱ्या दिवशी आई तो विषय काढतेच. इथे माया येऊन विषय सोडून दिला की सगळं फुकट.

तिसरा, पाठीराखे. तीन ते पाच माणसं: मावशी, शेजारच्या काकू, एखादे सर, मुलाचा मोठा आतेभाऊ जर तो वडिलांकडे चुगल्या करणारा नसेल तर. प्रसंग झाला की दोन दिवसांत त्यांच्यापैकी एक जण मुलाला फोन करतो: "परवा आईला ढकललंस ते मला कळलं. तू मला आवडतोस. हे पुन्हा होऊ नये म्हणून मी काय मदत करू?" फोन तीन मिनिटांत संपला पाहिजे. प्रवचन नाही, लाज काढणं नाही. कानफटात देणाऱ्या मामांना या यादीत घेऊ नका. फारच आग्रह असेल तर त्यांना कोर्टाच्या तारखांची जबाबदारी द्या. आणि सगळ्या नातेवाइकांना बजावून ठेवा की "आता घरातला कर्ता पुरुष तूच" हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारायचं नाही. या वाक्यानेच त्याला वडिलांची रिकामी खुर्ची दाखवलेली असते.

चौथा, बिनशर्त जिव्हाळा. भांडणाच्या दुसऱ्या दिवशीही त्याच्या आवडीचं थालीपीठ होतं. बक्षीस म्हणून नाही, आणि न केल्यास शिक्षा म्हणूनही नाही. आईला हे सगळ्यात अवघड जातं.

या पद्धतीत मुलाच्या खोलीत जाऊन शांत ठिय्या देऊन बसण्याचाही एक प्रकार आहे. एका खोलीच्या घरात, आणि मार खाल्लेल्या आईसाठी, तो वापरू नका. सुरी हातात घेतली, गळा धरला, किंवा जखम झाली तर ही पद्धतच थांबवा: ११२, आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ.

तालुका_समुपदेशक

खूप आभार. गोळ्यांचं आजच बघते. दोन अडचणी. आई मजुरीला जाते, आठवड्याला एक खाडा परवडत नाही. फोनवर सेशन चालतील का? आणि शाळेला किती सांगायचं?

रानजाई

मिश्र ठेवा. महिन्यातून दोनदा समोरासमोर, एकेका फेरीत दोन तास, मध्ये चहा. आधी आई, मग मुलं. मधल्या आठवड्यांत आईला वीस मिनिटांचा फोन, कामाच्या जागेवरून जेवणाच्या सुट्टीत, घरून नाही. फोनवर फक्त सराव घ्यायचा: कडी, चिठ्ठी, श्वास, कालचा प्रसंग. जुन्या मारहाणीची हकिगत फोनवर नको, फोन ठेवल्यावर तिला सावरायला कुणी नसतं.

प्रत्येक फोनची सुरुवात हो-नाहीत उत्तर देता येईल अशा प्रश्नाने: "आत्ता बोलता येईल?" आणि एक संकेतवाक्य ठरवा. "रेशनचं नंतर बघते" म्हणजे कुणीतरी ऐकतंय. मग तुम्हीही रेशनकार्डाबद्दल बोलायला लागायचं.

त्याआधी आईचा आणि मुलांचे फोन तपासा. व्हॉट्सअॅपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडा. अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लगेच लॉग आउट, पण आधी स्क्रीनशॉट. गूगलचं खातं जुन्या घरातल्या फोनवर अजून चालू आहे का, लोकेशन शेअरिंग कुणाला दिलंय, तेही. वडिलांनी मुलाला फोन घेऊन दिला असेल तर तो फोन सेशनच्या खोलीत आणायचाच नाही. मुलाला लाजवू नका, सगळ्यांचेच फोन बाहेर टोपलीत, तुमचाही.

कलम_बारा

मुलांची सेशन रविवारच्या भेटीनंतर सोमवारी ठेवू नका. भेटीनंतर दोन दिवस मुलगा पेटलेला असतो. बुधवार-गुरुवार बरा. कोर्टाच्या तारखांचं कॅलेंडर तुमच्या भिंतीवर हवं.

आठवी_ब

शाळेबद्दल. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक, दोघांनाच सांगा, तेही आईच्या लेखी संमतीने. सांगायचं एवढंच: घरात मोठा ताण होऊन गेला आहे, मूल समुपदेशन घेत आहे, शाळेतून मुलाला न्यायचा अधिकार अमुक व्यक्तींनाच, आणि आदेशाची प्रत सोबत. मारहाणीचे तपशील देऊ नका. स्टाफरूममध्ये पोचलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात पोचते.

मुलासाठी "बाहेर जायचं कार्ड" मागा. राग चढला की कार्ड बाकावर ठेवून पाणी प्यायला जायचं, दहा मिनिटांत परत. सगळ्या वर्गासमोर "का चाललास" विचारायचं नाही, हे शिक्षकांकडून कबूल करून घ्या. मारामारीची शिक्षा माफ करू नका, पण पालकांना बोलावणं म्हणजे वडिलांना फोन, ही शाळेची सवय मोडा. दाखल्यावरचा मोबाइल नंबर बहुधा अजून वडिलांचाच असतो. तो लेखी अर्ज देऊन बदलून घ्या. निकाल, फी, सहल, सगळे मेसेज त्याच नंबरवर जातात आणि नवा पत्ताही तिथूनच कळतो.

तालुका_समुपदेशक

दाखल्यावरच्या नंबरचं लक्षातच आलं नव्हतं. शेवटचं एक: थांबायचं कधी?

निंबोणी

मुलाने सहा-आठ आठवडे हात उगारलेला नाही, मुलगी रात्री अकरापर्यंत झोपी जाते, क्राइज-८ चे गुण १७ च्या खाली आलेत आणि आई मुलांचं न आवडणारं बोलणं न रडता, न ओरडता ऐकते, अशी वेळ आली की अंतर वाढवा. पंधरा दिवस, मग महिना, मग तीन महिने.

मधे एक गोष्ट घडेल, तिची कल्पना आईला आत्ताच देऊन ठेवा. मुलगा निवळायला लागला की मुलगी बिघडते. अभ्यास टाकते, आईला उलट बोलते, भांडी तशीच ठेवून मैत्रिणीकडे जाते. आई घाबरून तुम्हाला फोन करेल की ही चांगली होती, तुमच्याकडे यायला लागली आणि वाया गेली. घर सुरक्षित आहे याची खात्री पटल्याशिवाय ती असं वागू शकत नव्हती. त्या दिवसांत नियम ठेवायचे, पण भांडी पुन्हा तिच्या गळ्यात मारायची नाहीत. आणि अंतिम आदेशाच्या तारखेनंतरच्या आठवड्यात तिघांचं एक सेशन आत्ताच लिहून ठेवा. निकाल बाजूने लागला तरी त्या आठवड्यात झोप उडतेच.